भिंतीपलीकडची चाल

तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी बसत नसे म्हणून आईने रागाने ठेवलेलं नाव. मोठेपणी बेस गिटार गळ्यात अडकवून गातानाही ती एका जागी उभी राहीना, तेव्हा ते नाव सरळ पोस्टरवर गेलं. आईला त्याची थोडी लाज वाटली, पण आता इलाज नव्हता.

गेल्या वर्षापर्यंत तिच्या बँडला फारसं कुणी ओळखत नव्हतं. लग्नाच्या पार्ट्या, कॉलेजचं मैदान, कुठल्याशा मोटारींच्या दुकानाचं उद्घाटन, जिथे बोलावतील तिथे हे जात. लोक ‘ते पळतं काहीतरी वाजवा’ म्हणत, आणि हे आपलं सोल आणि फंक, म्हणजे ठेक्यावर डोलणारं अमेरिकन संगीत, त्यांच्या गळी उतरवायला बघत. मग एक गाणं लागलं. कसं लागलं ते कुणालाच कळलं नाही, पण बघता बघता ते केस कापायच्या दुकानात, व्यायामशाळेत, भाजीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातल्या फोनवर वाजू लागलं. त्या गाण्याच्या सुरुवातीला दुसरं काही नाही, नुसते बेसचे खालचे, घुमणारे सूर. कुणीतरी जड पावलांनी जिना उतरतंय असं वाटावं अशी चाल, आणि शेवटच्या पायरीआधी एक हिसका. गाण्याचे शब्द ज्यांना येत नव्हते तेही तेवढी चाल तोंडाने वाजवत.

गाणं लागलं की मुलाखती येतात. आणि मुलाखत म्हटली की एक प्रश्न ठरलेला: तुमच्यावर संस्कार कुणाचे?

आवडीनिवडीच्या बाबतीत भिंगरी पक्की होती. ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजावेत तर चारचौघांत मोठ्याने हसल्यासारखे, असं तिला वाटे. फार स्वच्छ गळ्याला ती ‘इस्त्री केलेला आवाज’ म्हणे आणि पुढे ऐकत नसे. ड्रम वाजवणारा किंचित मागे रेंगाळला तर तिला चाले, पण पहिल्या मात्रेवर वजन पडायलाच हवं. ते एकदा पडलं की बाकीच्यांनी काय हवा तो धिंगाणा घालावा. काय आवडतं हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. हे सगळं आलं कुठून, असं विचारलं की मात्र तिची गाडी अडे. मग ती मनाला येईल ते ठोकून देई. एका मासिकाला तिने शाळेच्या गायनवृंदाचं नाव सांगितलं, जिथे आवाज जाड म्हणून तिला मागच्या रांगेत लपवायचे. दुसऱ्याला जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. दोन्ही खरी होती. पण दोन्ही सांगून झाल्यावर तिला वाटे, आपण पत्ता सांगितला खरा, पण घराचा नव्हे, कोपऱ्यावरच्या दुकानाचा.

अशात तिला रेडिओवरून बोलावणं आलं. रविवारी सकाळचा कार्यक्रम, तासाभराचा. पाहुण्याने आपल्याला घडवणारी गाणी घेऊन यायचं आणि त्यांनी कसं घडवलं ते सांगायचं. कार्यक्रम ऐकणारे पुष्कळ. त्यात बोलावलं म्हणजे आपण आता कुणीतरी झालो, असं गाण्याच्या धंद्यातले लोक धरून चालत. बँडचं सगळं बघणारा तिचा थोरला भाऊ, दादा, खुशीत होता. कार्यक्रमाच्या निवेदिका आधी फोनवर थोडं बोलून घेत. त्या गोड बोलत, पण सोडत नसत.

“त्या गाण्याची सुरुवात,” त्यांनी विचारलं, “ती चाल कुठून आली?”

“अंघोळ करताना सुचली,” भिंगरी म्हणाली.

“अशा चाली अंघोळीत सुचत नाहीत,” निवेदिका हसत म्हणाल्या. “कार्यक्रमाला अजून तीन आठवडे आहेत, तोवर आठवून ठेवा.”

फोन ठेवला आणि तिच्या डोक्यात किडा शिरला. कारण अंघोळीची गोष्ट तिने पहिल्यांदा गंमत म्हणून सांगितली होती, आणि मग तीच सांगत सुटली होती. चाल सुचल्याचं तिला आठवतच नव्हतं. सुचताना काहीतरी व्हायला हवं, निदान हात थांबायला हवा. ही चाल तिच्या बोटांत आधीपासूनच होती. पहिल्यांदा बेस हातात घेतला त्या दिवशीही होती.

तालमीच्या खोलीत तिने ड्रमवाल्याला विचारलं. हा ढब्बू म्हणून ओळखला जाणारा, अघळपघळ, कशाचंही फार मनाला लावून न घेणारा माणूस. तो काड्या मांडीवर आपटत म्हणाला की त्याला ते कधीच नवं वाटलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डवरून उचललं असेल असं वाटलं होतं. उचललं तर उचललं, सगळेच उचलतात, त्यात काय. त्याने सहज म्हटलं, पण तिला ते बोचलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तिने घरातल्या होत्या नव्हत्या त्या रेकॉर्ड काढल्या. म्हाताऱ्याच्या दुकानात जाऊन खोकीच्या खोकी उपसली. एकेका रेकॉर्डची सुरुवात ऐकायची, सुई उचलायची, पुढची. म्हाताऱ्याने शेवटी तिला विचारलं की बाई, तू गाणं शोधतेस की गुन्हेगार. तिने पुढचं खोकं ओढलं. झोप उडाली, जेवताना पाय हलत राही, कुणी बोलत असलं की ती मान डोलवे आणि मनात तीच चाल लावून बघे. कुठेच सापडत नव्हती. सापडत नव्हती याने बरं वाटायचं तर उलट जास्तच घाबरायला होई.

शेवटी ती आईवडिलांच्या घरी गेली. माळ्यावर शाळेतल्या कॅसेटचा डबा होता, त्यात काही मिळेल म्हणून. डबा सापडला, त्यात निम्म्या कॅसेटची फीत बाहेर आलेली. दुपारची वेळ होती. धुळीने डोकं धरलं म्हणून ती आपल्या जुन्या खोलीत पलंगावर आडवी झाली. पलंग अजून तसाच भिंतीला चिकटवलेला होता. पलीकडे नवे भाडेकरू आले होते, त्यांचा टीव्ही चालू होता. शब्द कळत नव्हते, बायकांचे आवाज येत नव्हते, संगीताचं वरचं काही येत नव्हतं. नुसती खालची घरघर भिंतीतून येत होती आणि पलंगाच्या लाकडात उतरत होती.

ती ताडकन उठून बसली.

लहानपणी अशाच दुपारी याच भिंतीतून येत होती ती चाल. रोज. ती झोपेचं सोंग घेऊन, गाल भिंतीला लावून पडायची. बाकी काही नाही, नुसते खालचे सूर. कुणीतरी जिना उतरायचं, पुन्हा वर जायचं, पुन्हा उतरायचं.

स्वयंपाकघरात आई कपडे घड्या करत होती. भिंगरीने विचारलं, पलीकडे पूर्वी कोण राहायचं. आई लगेच म्हणाली, धडधडबाई. म्हणजे हे बाबांनी दिलेलं नाव. ती एकटीच राहायची, एका हॉटेलात संध्याकाळी बँडमध्ये गिटार वाजवायची, ती जाड तारांची. आणि दुपारी घरी सराव. बाबा तेव्हा छापखान्यात रात्रपाळीला होते, दुपारी झोपायचे. त्यांची झोप होईना, डोकं भणभणायला लागलं, एकदा मशीनवर पेंग येऊन बोट जायचं वाचलं. बाबांनी भिंतीवर झाडू आपटून पाहिला, दारात जाऊन सांगून पाहिलं, मग घरमालकाच्या कानावर घातलं. पुढे ती बाई गेली. आईने चादरीचं टोक हनुवटीखाली धरलं आणि म्हणाली की वाईट वाटलं होतं, पण तुझ्या बापाची बोटं जास्त महत्त्वाची होती. तिची बहीण अजून बाजारात भेटते. धडधडबाई आता म्हणे गाडी चालवायला शिकवते.

बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी पान उलटलं नाही.

भिंगरीने दादाला सांगितलं तेव्हा त्याने आधी दार लावून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीच्या गाण्यासाठी त्याने बरी नोकरी सोडली होती, आणि रात्रंदिवस लोकांशी गोड बोलून त्याचा गळा बसायचा. त्याचं म्हणणं असं होतं की लहानपणी भिंतीतून ऐकलेलं काय, त्याला काय पुरावा. ढब्बू बरोबर म्हणतो, सगळेच कुठून ना कुठून ऐकतात. बाईला आठवतही नसेल. आपण जाऊन सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. रेकॉर्ड कंपनीला कळलं तर दुसऱ्या अल्बमचं बोलणं तिथेच राहील.

“झाकली मूठ आहे,” तो म्हणाला. “झाकलेलीच राहू दे.”

“माझी मूठ असती तर झाकली असती,” ती म्हणाली.

तरी दोन दिवस तिने काही केलं नाही. नुसती घरात येरझाऱ्या घालत राहिली. मग आईकडून नाव घेऊन त्या ड्रायव्हिंग स्कूलला फोन करून, गाडी शिकायची आहे, बाईच शिकवायला हव्यात, असं सांगून तिने वेळ घेतली. सरळ जाऊन दार ठोठावायची हिंमत नव्हती, हे खरं.

बाई साठीच्या अलीकडे असतील. केस बारीक कापलेले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हाताची बोटं लांब. त्यांनी भिंगरीकडे एकदा पाहिलं, पट्टा लावायला सांगितला आणि क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर दाखवले. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, त्यावर त्यांचा पाय कायम. भिंगरीने आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. क्लच सोडला की गाडी हिसका देऊन बंद पडे. पुन्हा चालू, पुन्हा हिसका. मागून हॉर्न वाजत होते. बाई शांत होत्या.

“घाई करू नकोस. पाय हळू सोड. ऐकायला येईल, इंजिन खाली जातं तेव्हा सोड.”

गोदामांच्या मागच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर गाडी एकदाची चालू लागली. बोलायचं कसं ते भिंगरीने घरी दहादा घोकलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. तिने विचारलं, तुम्हाला संगीत आवडतं का.

बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली.

“ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस,” त्या म्हणाल्या. “तू पोस्टरवर आहेस. आणि तुझं आडनाव माझ्या लक्षात आहे. तुझ्या वडिलांनी माझं दार कमी वेळा वाजवलं नाही.”

मग भिंगरीने सगळं सांगितलं. पलंग, भिंत, त्या दुपारी, अंघोळीची थाप, रेकॉर्डच्या दुकानातली शोधाशोध. ती भराभर बोलत होती, आणि हात स्टिअरिंगवर तसेच घट्ट. बाई समोर काचेतून बघत राहिल्या. त्यांना गाणं माहीत होतं. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं होतं. नाव पुकारलं तरी उठल्या नव्हत्या, तेव्हा कंपाउंडरला वाटलं, बाई घाबरल्या.

“ती कुणाची चाल होती?” भिंगरीने विचारलं. “कुठल्या रेकॉर्डवरची?”

“रेकॉर्डवरची कसली. माझी.”

मग त्यांनीही सांगितलं, तुटक तुटक. हॉटेलात लोक जेवत असत. बँडमास्तरचं म्हणणं, बेस असा वाजवायचा की कुणाला कळता कामा नये, चमच्याच्या आवाजाच्या वर जायचं नाही. त्यांनी ही चाल एकदा तिथे वाजवून पाहिली तर मास्तरने सगळ्यांसमोर त्यांच्या गिटारचा आवाज बंद केला. म्हणून ती फक्त घरी. दुपारी, एकटीने, वाढवत, बदलत. घर सुटल्यावर दुसरं मिळालं ते बहिणीकडे, तिथे तान्ही पोरं. मग हॉटेलनेही बँड बंद केला, आणि पोट तर भरायचं होतं. बेस कपाटामागे गेला. भिंगरीच्या वडिलांवर त्यांचा राग होता का, तर होता, फार दिवस. पण तो माणूस दिवसा झोपतो हे त्यांनाही माहीत होतं, आणि झाडू आपटला की त्या कधी कधी मुद्दाम मोठ्याने वाजवत, हेही खरं.

“मला वाटायचं,” बाई म्हणाल्या, “ही चाल जगात कुणीच ऐकली नाही. डॉक्टरकडे ऐकली तेव्हा आधी वाटलं, माझंच डोकं फिरलं. मग दोन दिवस नुसता संताप झाला. मग विचार केला, ही माझ्या भिंतीशी कोण बसली होती.”

भिंगरीने माफी मागितली. बाईंनी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि तिला गाडी चालू करायला सांगितली, कारण पुढचा शिकाऊ येऊन उभा असेल. उतरताना मात्र त्यांनी विचारलं, तुमची तालीम कुठे असते.

त्या आल्या त्या दिवशी दादा तिथे होता, कारण भिंगरीने त्याला मुद्दाम बोलावलं होतं. त्याने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि हाताची घडी घालून कोपऱ्यात उभा राहिला. बाईंनी स्वतःचा बेस आणला होता. पट्ट्याचं चामडं वाळून तडकलं होतं, तारा नव्या. त्यांनी बसूनच वाजवायला घेतलं. बोटं आखडली होती; पहिल्यांदा एक सूर सुटला, दुसऱ्यांदा दुसरा. त्या ‘थांबा’ म्हणून पुन्हा सुरू करत. ढब्बूने घड्याळ बघितलं. आणि मग ती चाल आली.

तीच होती. पण केवढी सावकाश. भिंगरीच्या गाण्यात माणूस जिना उतरत होता तो गाडी चुकू नये म्हणून. बाईंच्या वाजवण्यात त्याला कुठेही जायचं नव्हतं. प्रत्येक पायरीवर तो थांबत होता, कठड्यावर हात ठेवत होता. आणि मधे असं बरंच काही होतं जे भिंगरीने कधी ऐकलंच नव्हतं, नाजूक, वरच्या तारांवरचं. भिंतीने ते पलीकडेच ठेवून घेतलं होतं. हिसका तर नव्हताच. जिथे भिंगरी हिसका देत होती तिथे बाई एक हलका सूर लावत होत्या, तो भिंतीतून आला नव्हता, म्हणून लहान भिंगरीला तिथे खड्डा लागला होता आणि ती त्यावरून उडी मारायला शिकली होती.

ढब्बू घड्याळ विसरून हळूच मागे ठेका धरू लागला. की-बोर्डवाला आ वासून बसला होता. वाजवणं थांबलं तेव्हा भिंगरी मात्र अस्वस्थ होती, आणि त्याचं कारण तिला स्वतःलाच पटेना. ते सुंदर होतं. तिला त्याच्यापुढे नमस्कार करावासा वाटत होता. आणि ते तिला हवं होतं त्याहून फार हळू होतं. तिचा पाय पूर्ण वेळ जमिनीवर पुढे पुढे पळत होता. आपण कृतघ्न आहोत की काय, असं तिच्या मनात आलं.

“आवडलं नाही ना?” बाईंनी विचारलं.

दादाने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिच्या जिभेवर गोड काहीतरी तयारही होतं. ते तिने गिळलं.

“फार सुंदर आहे,” ती म्हणाली. “पण मला माझी जास्त आवडते.”

बाई पहिल्यांदाच हसल्या, खांदे हलवून. “मला तुझी अजिबात आवडत नाही,” त्या म्हणाल्या. “काय ती पळापळ. कुत्रं मागे लागल्यासारखी. पण खोटं बोलली असतीस तर मी बेस उचलून घरी गेले असते.”

मग दादाने घसा साफ केला आणि मुद्द्यावर आला. बाईंची काय अपेक्षा आहे, असं त्याने शक्य तितक्या नरमाईने विचारलं. बाईंनी त्याच्याकडे नव्हे, भिंगरीकडे बघत सांगितलं. गाण्यावर नाव यायला हवं, त्यांचं, पूर्ण, तिच्या नावाशेजारी. आणि जिथे जिथे ती अंघोळीची गोष्ट सांगितली गेली, तिथे ती परत घेतली जावी. रेडिओवर त्या येणार नाहीत. त्यांना लोकांसमोर बोलायला जमत नाही आणि त्या वेळी त्यांचा शिकाऊ असतो. दादाने कंपनीचं, कागदपत्रांचं, दुसऱ्या अल्बमचं काही सांगायला सुरुवात केली. भिंगरी त्याला मधेच म्हणाली की दादा, हे ठरलंय, आता फक्त कसं करायचं ते बघ. नंतर जिन्यात त्याने तिला सुनावलं, बरंच सुनावलं. पण सोमवारी सकाळी पहिला फोन त्यानेच कंपनीला लावला.

कंपनीने आदळआपट केली. गाणं गाजलं असताना ही नवी भानगड कशाला, असं तिथले लोक म्हणाले. रेडिओवर यातलं काही बोलू नका, आधी आमच्या वकिलांना बघू द्या. शनिवारपर्यंत हे चाललं होतं. दादाने शनिवारी संध्याकाळी तिला निरोप दिला: ते नको म्हणतात, मीही भीत भीतच सांगतो, पण तुला जे करायचं ते कर.

स्टुडिओची खोली लहान होती, भिंतींना जाड मऊ अस्तर. निवेदिका फोनवर वाटल्या होत्या त्याहून बुटक्या आणि चष्म्याआडून फार बारीक बघणाऱ्या. सुरुवातीची गाणी झाली. शाळेचा गायनवृंद झाला, रेकॉर्डवाला म्हातारा झाला, इस्त्री केलेल्या आवाजांवर थोडी चेष्टा झाली. भिंगरी खुर्चीत टिकत नव्हती; तंत्रज्ञाने दोनदा खूण करून तिला माइकजवळ आणलं. मग तो प्रश्न आला.

“मी आजवर सांगितलं की ती चाल मला अंघोळीत सुचली,” भिंगरी म्हणाली. “ते खोटं आहे. ती शेजारच्या बाईंची आहे.”

आणि तिने त्यांचं नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश, दोनदा. त्या कुठे वाजवत, त्यांना कुठे वाजवू दिलं नाही, तेही सांगितलं. भिंतीमुळे आपल्याला निम्मीच ऐकू आली आणि उरलेली आपण धावत भरून काढली, हे सांगितलं. आणि त्या बाईंना आपलं गाणं मुळीच आवडत नाही, हेही सांगून टाकलं, कारण ते लपवलं असतं तर बाकीचं अर्धवट झालं असतं. मग निवेदिकांनी विचारलं, हे कळल्यावर तुम्हाला तुमचं काय उरलं असं वाटतं.

“घाई,” भिंगरी म्हणाली. “ती माझीच आहे. ती कुणी शिकवली नाही.”

पुढचे काही दिवस बरे गेले नाहीत. कुणी तिला प्रामाणिक म्हटलं, कुणी चोर, कुणी म्हणालं हा सगळा प्रसिद्धीचा डाव. कंपनीने दुसऱ्या अल्बमची बैठक पुढे ढकलली, मग आणखी पुढे, आणि शेवटी नाव घालायला तयार झाली ती वकिलांनीच सांगितलं म्हणून. बाबांनी रेडिओ ऐकला होता की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. पण आईकडून कळलं की ते ड्रायव्हिंग स्कूलपर्यंत चालत गेले होते आणि दारातल्या बाकावर बाईंची वाट बघत बसले होते. दोघं काय बोलले कुणास ठाऊक. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले की बाईंचे केस पांढरे झाले.

बाई आता बुधवारी दुपारी तालमीला येतात. कुणी बोलावलं नव्हतं. एकदा त्या आल्या आणि ढब्बूने ॲम्पचं, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचं, तोंड त्यांच्याकडे फिरवलं, तेव्हापासून येतात. स्टेजवर यायला मात्र साफ नकार. नव्या अल्बमसाठी एक गाणं चाललंय, त्याचा बेस त्यांचा आहे आणि ते अजून जमलेलं नाही. भिंगरी ते ओढते, बाई मागे खेचतात. मागच्या बुधवारी भांडण इतकं वाढलं की भिंगरी दार आपटून बाहेर गेली, आवारात दोन फेऱ्या मारल्या, आणि परत येऊन म्हणाली की ठीक आहे, कडवं तुमच्या गतीने घेऊ, पण पुढचं ध्रुवपद माझ्या. बाई म्हणाल्या, कडवं संपतं कुठे ते मी ठरवणार.

ढब्बूने काड्या उचलल्या आणि विचारलं, म्हणजे मी कुणाकडे बघायचं.

दोघी एकदमच म्हणाल्या, माझ्याकडे.